पडेगावचा हुकूमशहा

नाना धारूरकर कुठंही गेले तरी समोरच्यानं 'बसा' म्हटल्याशिवाय बसत नसत. बँक असो, लग्नाचा मांडव असो, नाहीतर सख्ख्या पुतण्याचं घर असो. रिकामी खुर्ची गुडघ्याला टेकलेली असायची आणि हा सहा फुटी म्हातारा हात मागं बांधून ताठ उभा. कुणी 'अहो नाना, बसा की' म्हणालं की 'बरं' म्हणून बसायचे, आणि बसल्यावरही पाठ टेकायचे नाहीत. मला आधी ती नाटकी खोड वाटली. हौशी रंगभूमीवर जन्म काढलेला माणूस, चालायचंच. पण ती नाटकातली नव्हती. पाटबंधारे खात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटून कार्यालयीन अधीक्षक म्हणून बाहेर पडलेल्या माणसाची होती. मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "खुर्ची आपल्या बापाची नसते, सर. कुणी बसा म्हणतंय तोवर आपली."

या माणसाला मला एक वाक्य सांगायचं होतं. 'नाना, तुमचं काही चुकलं नव्हतं.' एवढंच. ते मी अकरा महिने सांगितलं नाही. आज लिहायला बसलोय तो त्यापायी, नाहीतर नानांचं कौतुक करायला गावात माझ्यापेक्षा लायक लोक पुष्कळ आहेत.

मी मूळचा बिडकीनचा. कॉलेजात तासिका तत्त्वावर नाट्यशास्त्र शिकवतो आणि मला सिनेमाचं वेड आहे. वेड म्हणजे घरचे म्हणतात तसलं, कामधंदा सोडून. चार वर्षं एक गोष्ट डोक्यात घोळत होती. एका देशाचा हुकूमशहा हरतो. कुठला देश, कुठला काळ, काही सांगायचं नाही. लोक त्याला फाशी देत नाहीत, त्याच्यावर खटला भरत नाहीत. एका बंगल्यात ठेवतात, दोन वेळ जेवायला देतात आणि त्याच्याशी बोलणं बंद करतात. हुकूम ऐकणारं कुणी उरलं नाही की त्या डोक्यात काय चालतं, ते दाखवायचं होतं. माझेच विद्यार्थी, ओळखीपाळखीची माणसं, असं मिळून पंचवीस जणांचं युनिट जमलं. हुकूमशहा तेवढा मिळत नव्हता.

नानांना मी लहानपणी राज्य नाट्य स्पर्धेत बघितलं होतं. तो आवाज कानात राहिला होता. पत्ता काढून सिडकोतल्या त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या मुलानं, मिलिंदनं उघडलं. तो फोनवर होता. त्यानं बोटानंच मागची खोली दाखवली. सूनबाईंनी न बोलता पाणी आणून ठेवलं. मागच्या खोलीत नाना खिडकीपाशी उभे होते. मी गोष्ट सांगत गेलो आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "हुकूमशहा मी बघितलेत. चार बघितले. चौघंही कार्यकारी अभियंता होते."

मी हसलो. ते हसले नाहीत. "साहेब कसा आहे ते तो हजर असताना कळत नाही," ते म्हणाले. "तो रजेवर गेला की हापिसात हसण्याचा आवाज किती वाढतो ते ऐकायचं. मी ऐकलेलं आहे. आणि मी रजेवर गेलो की काय होत असेल, तेही मला ठाऊक होतं. मी काही लई चांगला साहेब नव्हतो." मग विचारलं, "कधी यायचं?" इतक्या घाईनं विचारलं, की त्या घरात त्यांना किती दिवसांत कुणी काही विचारलं नसेल, याचा मला अंदाज आला.

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला एका वकिलाचा बंद बंगला आम्हाला महिनाभर मिळाला. सत्तेतले प्रसंग आधी, पराभवाचे नंतर, असा मी क्रम लावला. पहिल्याच दिवशी युनिटला सांगून टाकलं की कॅमेरा चालू असो वा बंद, नानांना 'साहेब' म्हणायचं आणि ते आले की उठून उभं राहायचं. म्हाताऱ्याच्या अंगात सत्ता मुरली पाहिजे. कुठंतरी वाचलं होतं मी, मोठे दिग्दर्शक असं करतात. अर्धवट वाचनाची माझी हौस जुनी आहे.

दहा दिवस नाना फुलून गेले. सकाळी आठला सलीम त्यांना सिडकोतून आणायचा. सलीम सिल्लोडचा, स्वतःची गाडी चालवणारा. नाना कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला कंगवा फिरवून उतरायचे. पंचवीस जणांची नावं त्यांनी दोन दिवसांत पाठ केली. मेकअप करणाऱ्या रोहिणीला "पोरी, माझ्या कपाळाला रंग लावायची गरज नाही, तिथं शासनानं आधीच रेघा मारून दिल्यात" म्हणून हसवायचे. कामाचा रोजचा तक्ता मुलं मोबाइलवर टाकायची, तर नानांनी बाकायदा रजिस्टर आणून त्यावर समास आखून दिला. उजवीकडं मजकूर, डावीकडं शेऱ्याला जागा. "शेऱ्याला जागा ठेवावी," म्हणायचे. "समोरच्याला काही म्हणायचं असतं."

पटकथेबद्दल मात्र त्यांचं एक म्हणणं होतं. मी लिहिलं होतं की हरलेला हुकूमशहा ताट भिरकावतो, आरसा फोडतो, किंचाळतो. नाना म्हणाले, "हा ओरडणार नाही, सर. ओरडतो तो अजून हरलेला नसतो, त्याला वाटतं कुणीतरी ऐकेल. पुरता हरलेला माणूस हळू बोलतो. परवानगी मागतो." मी मान डोलावली आणि वर 'बघू' म्हणालो. दिग्दर्शक 'बघू' म्हणाला की समजावं, त्यानं ऐकलेलं नाही.

दहाव्या दिवशी काम लवकर आटोपलं. आम्ही दोघं ओसरीत चहा घेत बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला किसनची गोष्ट सांगितली. किसन त्यांच्या हापिसातला शिपाई. "निवृत्त झालो आणि आठव्या दिवशी पेन्शनच्या कागदावर एक सही राहिली म्हणून गेलो. दारात किसन. एकोणीस वर्षं मला बघितलं की स्टुलावरून उठायचा. त्या दिवशी बसून चहा पीत होता. मला बघितलं, ओळखलं, आणि राहिलेला चहा बशीत ओतला. बसा म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून मी पंधरा मिनिटं तसाच उभा."

"राग आला असेल," मी म्हणालो.

"किसनचा कशाला? तो मला कधी उठतच नव्हता, तो हुद्द्याला उठायचा. पण मला वाटलं, आपल्या हातून त्याचं काही वाईट झालं असेल. पुढचे आठ दिवस आठवत बसलो, सर. कधी त्याची रजा कापली का, कधी चारचौघांत बोललो का. काही सापडेना. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं." मग म्हणाले, "घरीही तसंच आहे. मिलिंद वाईट नाही हो, त्याला फुरसत नसते. पण चार-चार दिवस कुणी बोललं नाही की मी आपला चूक शोधत बसतो. हे कुणाला सांगितलेलं नाही मी. तुम्ही लिहिणारे, म्हणून सांगितलं."

मी लिहिणारा. त्यांना सलीमच्या गाडीत बसवून दिलं आणि ओसरीतच उभं राहून मोबाइलवर नवा ग्रुप काढला. नाना त्यात असण्याचा प्रश्न नव्हता, त्यांच्याकडं बटणांचा साधा फोन होता. मी लिहिलं, 'उद्यापासून नानांशी कुणी बोलायचं नाही. ते आले की उठायचं नाही. काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. सीनसाठी आहे, त्यांना कळता कामा नये.' दोन मिनिटांत खाली 'ओके सर', 'ओके सर', अंगठे, पुन्हा अंगठे. रोहिणीनं विचारलं, 'किती दिवस सर?' का, असं कुणी विचारलं नाही. नानांना सोडून आल्यावर सलीमनं मला फोन केला. "सर, चाय पिलाया तो चलता क्या? मुँह से कुछ नै बोलता मैं." मी म्हणालो, चहा चालेल.

दुसऱ्या दिवशी साडेआठला नाना उतरले. नेहमीसारखं "नमस्कार मंडळी" म्हणाले. मंडळींनी माना मोबाइलमध्ये घातल्या. ओसरीत सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. नाना एका खुर्चीशेजारी हात मागं बांधून उभे राहिले. आतल्या खिडकीच्या पडद्याआड मी कॅमेरा लावून बसलो होतो. नऊ वाजले, दहा वाजले. ते एकदा घड्याळाकडं बघायचे, एकदा आमच्या दाराकडं. मधे त्यांनी या पायावरचा भार त्या पायावर घेतला. रोहिणी रंग लावायला गेली तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "पोरी, माझं काही चुकलं का गं?" तिनं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. अडीच वाजेपर्यंत बाहत्तर वर्षांचा माणूस उभा होता. मला हवा होता तो चेहरा अकराच्या सुमारालाच मिळाला होता. पुढचे साडेतीन तास मी कॅमेरा का चालू ठेवला, ते मला आजही सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू, सांगता येतं. मला मजा येत होती. एक शब्द टाकला आणि चोवीस माणसं मूग गिळून बसली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नानांनी माझ्या हातात घडी घातलेला कागद दिला. अर्ज होता. टाकानं लिहावं तसं स्वच्छ अक्षर आणि डावीकडं शेऱ्यासाठी सोडलेला समास. 'प्रति, मा. दिग्दर्शक महोदय. विषय : माझ्या हातून झालेल्या चुकीबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सर्व मंडळी माझ्यावर नाराज असल्याचे दिसून येते. माझ्या हातून नेमके काय घडले याचे मला स्मरण होत नाही. तरी माझी चूक मला कळविण्यात यावी, म्हणजे ती दुरुस्त करता येईल. आपला विश्वासू.'

हा अर्ज मी त्यांच्यासमोर वाचला. ते उत्तराची वाट बघत उभे होते. आणि मी काय केलं? वळलो आणि तो कागद सेटवरच्या टेबलावर, हुकूमशहाच्या कागदपत्रांत ठेवायला लावला. अजूनही सिनेमात तो तीन सेकंद दिसतो.

त्याच दुपारी ताटाचा प्रसंग घेतला. पहारेकरी जेवण आणून टेबलावर ठेवतो आणि हुकूमशहा ते भिरकावून किंचाळतो, असं लिहिलं होतं. पहारेकरी झालेला माझा विद्यार्थी ताट ठेवून उभा राहिला. नानांनी ताटाकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं, मग त्या मुलाकडं बघून अगदी हळू विचारलं, "बसू का?"

हे वाक्य कुठंच लिहिलेलं नव्हतं. मुलगा गप्प राहिला, त्याला गप्पच राहायचं होतं. नानांनी ताट हातात घेतलं आणि उभ्यानं चार घास खाल्ले. खाली सांडू नये म्हणून डाव्या हाताची ओंजळ धरून खाल्ले. मी 'कट' म्हणालो तेव्हा रोहिणी तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली. बाकीचे माझ्याकडं बघत होते. आता सांगायचं, टाळ्या वाजवायच्या, नानांच्या पाया पडायचं, असंच त्यांना वाटलं असणार. मी बोट वर केलं. आठ दिवसांनी घ्यायचे दोन किरकोळ शॉट बाकी होते, आणि तोवर मला तो चेहरा तसाच हवा होता. सगळे थांबले. एक बोट बघून थांबले.

आठ दिवसांनी नाना आले, सांगितलं तिथं उभे राहिले, सांगितलं तिकडं बघितलं आणि गेले. त्या दिवशी त्यांनी नमस्कारही केला नाही. मी ठरवलं होतं, संध्याकाळी घरी जाऊन सांगू. संध्याकाळी जनरेटरवाला पैशांसाठी अडून बसला. मग संकलन सुरू झालं. मग वाटलं, सिनेमा दाखवूनच सांगू, म्हणजे त्यांना समजेल. खरं कारण वेगळं होतं. मला त्यांच्या डोळ्यांना डोळा द्यायचा नव्हता. मी त्यांचंच दुखणं चोरून त्यांच्यावर वापरलं होतं, आणि ते मला कळत होतं. सलीम अधूनमधून फोन करायचा, "नाना को बताया क्या सर?" मी म्हणायचो, बताता हूँ. पुढं पुढं मी त्याचा फोन घ्यायचा बंद केला.

सिनेमा बाहेरच्या दोन-तीन महोत्सवांत गेला. सगळीकडं त्या चेहऱ्याबद्दल बोललं गेलं. आणि मग एके दिवशी सकाळी सूनबाईंचा फोन आला. नाना दवाखान्यात होते, हृदय थकलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या शूटिंगवरून आल्यापासून त्यांनी पेपर वाचणं सोडलं. गॅलरीत बसायचे. एकदा मला म्हणाले, सिनेमावाल्यांनाही कळलं बघ माझं काय ते. मी विचारलं नाही, काय कळलं म्हणून. आता वाटतं, विचारायला पाहिजे होतं."

मी गेलो. नाना पलंगावर उशीला टेकून होते, निम्मे झाले होते. मला बघून त्यांनी हातानं स्टूल दाखवलं आणि म्हणाले, "बसा सर." मी बसलो आणि सगळं सांगितलं. ग्रुप, पडदा, कॅमेरा, अर्ज, किसनची गोष्ट मी कशी वापरली ते. एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. शेवटी ते वाक्य म्हणालो, "नाना, तुमचं काही चुकलं नव्हतं."

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, नाना."

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोसवलं असतं. राग नव्हता. "सांगितलं असतं तर केलं असतं मी," ते म्हणाले. "तेवढं येत होतं मला."

मी रडत होतो. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "तुम्ही धरून किती जण होतो आपण तिथं? मला सोडून."

"पंचवीस."

"आणि एकही म्हणाला नाही, की हे मी करणार नाही?"

"नाही."

"रोहिणी?"

"ती विचारत होती, किती दिवस."

"सलीम?"

"चहा दिला तर चालेल का, एवढं विचारलं त्यानं."

"व्हय, चहा द्यायचा," नाना म्हणाले. "रोज द्यायचा. गाडी थांबवून हातात ग्लास द्यायचा आणि दुसरीकडं बघायचा." त्यांना धाप लागली होती. मी उठायला लागलो तर हातानं थांबवलं. "तुमचा सिनेमा चुकला, सर. हुकूमशहा कसा हरतो ते बघायला तुम्ही माझ्या तोंडावर कॅमेरा धरून बसलात. माझ्या तोंडावर काय होतं? एक म्हातारा होता, त्याचे पाय दुखत होते. कॅमेरा तिकडं फिरवायला पाहिजे होता. त्या पंचवीस जणांकडं."

चौथ्या दिवशी नाना गेले. स्मशानात युनिटमधले बहुतेक सगळे आले होते आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सलीमनं खांदा दिला. माझ्याशी बोलला नाही तो, आणि या वेळी मी त्याला तसं सांगितलेलं नव्हतं.

तेराव्यानंतर मी हार्ड डिस्क काढली आणि अबोल्याच्या त्या पहिल्या दिवसाचं सगळं चित्रण, साडेआठपासून अडीचपर्यंतचं, पहिल्यांदाच नानांकडं न बघता बघितलं. त्यांच्या मागं, बाजूला, दारात काय आहे ते शोधत होतो. एका ठिकाणी रोहिणीचा हात आणि रंगाचा ब्रश आहे. एका ठिकाणी कुणाचीतरी पाठ आहे. पायऱ्यांवर सलीमच्या चपला आहेत, तो आत आला तेव्हा काढून ठेवलेल्या. सहा तासांच्या त्या चित्रणात चेहरा एकाचाही नाही. माझा असायचं तर कारणच नव्हतं, मी पडद्याआड होतो.